हौसिंग वाजतंय? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

उसाचा सीझन सुरू झाला की आमच्या सांगलीत आठवड्याला एक तरी ट्रक "हौसिंग वाजतंय" म्हणून गॅरेजच्या दारात येतो. हौसिंग म्हणजे मागच्या एक्सलच्या मधोमध असलेला गियरांचा गोळा. गाड्या बहुतेक जुन्या टाटा 1612, नाहीतर 1613. गाडी माझ्यापर्यंत येईतो कुणीतरी आधीच काहीतरी करून ठेवलेलं असतं. मूळ बिघाड एका बेअरिंगचा असतो आणि बिल होतं क्राऊन-पिनियनसकट, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या मोठ्या-लहान गियरच्या जोडीसकट, सगळ्याचं. हे बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

सुरुवात इथूनच चुकते, की न ऐकताच हौसिंग खोलायचं. नव्या पोरांना याची फार घाई. अरे, गाडी एकदा चालवून तर बघा. मी ड्रायव्हरला शेजारी बसवतो आणि पेठ नाक्यावरून कराडच्या बाजूला दहा-बारा किलोमीटर जाऊन येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गुंई आणि सोडला की गप, किंवा याच्या उलट, तर दातांची बैठक बिघडली आहे, नाहीतर टेल पिनियनची (जोडीतल्या लहान गियरची) बेअरिंग सैल आहेत. दाबा-सोडा काहीही करा, घरघर स्पीडबरोबर वाढतच राहिली, तर बेअरिंग. फक्त वळणावर आवाज आला तर स्टार गियर, सन गियर, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे आतले लहान गियर. गाडी सुटताना एकच टक् आला तर आधी जॉइंटचे (गियरबॉक्सकडून हौसिंगकडे येणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि पिनियनचा नट बघा. क्रॉस बदलून घरी गेलेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्यात, आणि त्यातल्या काहींचं हौसिंग आधी दुसरीकडे विनाकारण उतरवलेलं होतं. डांबरी रस्त्यावर एक आवाज आणि सिमेंटवर दुसरा येत असेल तर तो टायरचा.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक, प्लेची, म्हणजे दातांमधल्या मोकळ्या जागेची. "प्ले काढून द्या." या एका वाक्याने जेवढी हौसिंग मेली, तेवढी ओव्हरलोडने मेली नसतील. मालक गाडीखाली जातो, जॉइंट हाताने पुढे-मागे फिरवतो, टक-टक ऐकतो आणि दात झिजले असं धरून चालतो. हाताला लागणारा तो प्ले एकट्या क्राऊन-पिनियनचा नसतो. एक्सलच्या स्प्लाइन (टोकाच्या खाचा), स्टार-सन, क्रॉस, सगळ्यांचा मिळून तो तिथे जमा होतो.

विट्याकडच्या एका मालकाने अशी गाडी दुसरीकडे दाखवली. तिथल्या फिटरने डायल (प्ले मोजायचं घड्याळ) न लावता कॅरियरचे (क्राऊन धरणाऱ्या भागाचे) अ‍ॅडजस्टिंग नट आवळत नेले, टक-टक पार बंद होईपर्यंत. मालक खूश. गाडी पुण्याला रिकामी गेली, येताना लोखंड भरून खंबाटकी चढायला लागली आणि मागून जळक्या तेलाचा वास सुरू झाला. ड्रायव्हरने तशीच चढवली. घाट उतरल्यावर हौसिंग जाम झालं, आणि गाडी टोचन करून माझ्याकडे आणली. तेल काढलं तर काळं, पातळ, त्यात चंदेरी कण तरंगत होते. क्राऊनचा दात उन्हात धरला तर निळा-जांभळा, मोराच्या पिसासारखा. पोलादाला हा रंग आला म्हणजे त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. असा दात पुन्हा उभा राहत नाही. दात तापले की फुगतात आणि त्यांच्यामध्ये तेलाला जागा लागते. साधारण 0.20 ते 0.40 मिलिमीटर प्ले लागतोच. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मोजताना क्राऊन फिरवून तीन-चार ठिकाणी डायल लावा. एकाच ठिकाणी मोजून सोडलं तर क्राऊन वाकडा फिरतोय हे कळत नाही.

प्ले बरोबर निघाला म्हणजे काम झालं, असंही नाही. मार्किंग, म्हणजे दात कुठे टेकतात याचा ठसा, घ्यावंच लागतं. शेंदूर तेलात कालवून आठ-दहा दातांना पातळ लावायचा, क्राऊनला लाकूड टेकवून थोडं अडवायचं आणि पिनियन दोन्ही बाजूंना फिरवायची. ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे हवा, कारण लोड आला की तो बाहेर सरकतो. ठसा मुळाशी उतरला तर पिनियन फार आत गेली आहे, शेंड्यावर चढला तर फार मागे आहे. शिम (पातळ चकती) वाढवल्यावर पिनियन कुठे सरकते ते मात्र शिम कुठे बसतो यावर ठरतं. पिनियनच्या डोक्यामागे असेल तर आत, केजच्या (पिनियनची बेअरिंग धरणाऱ्या कवचाच्या) फ्लँजखाली असेल तर बाहेर. पाठ केलेला नियम इथे उलटा पडतो. तीन-तीन वेळा खोलून शिम बदलावा लागतो, माझाही अर्धा दिवस जातो. तेवढा वेळ नसेल तर हे काम घेऊच नका. आणि शेंदरात शिसं असतं. हात साबणाने धुऊनच जेवणाचा डबा उघडा.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यातून जोडी म्हणूनच निघतात. दोन्हींवर जुळणारा नंबर कोरलेला असतो. एकच बदलून पैसे वाचत नाहीत. नवा सेट घेताना जुन्याचे दात मोजा. क्राऊनच्या 41 दातांना पिनियनचे 6 पण असतात आणि 7 पण.

आणि पाणी. 2019 चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरलेलं नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि कृष्णा 57 च्या वर गेली. पूर ओसरल्यावर लोकांनी इंजिन ऑइल बदललं, ब्रेक साफ केले, सीटा वाळवल्या. हौसिंगकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पाणी ब्रीदरमधून (हवा खेळायच्या छोट्या भोकातून) आणि सीलमधून आत जातं, बाहेरून काही दिसत नाही. तशीच एक गाडी ऊस ओढायला लागल्यावर वाजत आली. ड्रेन प्लग सोडला तर आधी स्वच्छ पाणी, मग ताकासारखं पांढरं तेल. टेल पिनियनच्या बेअरिंगच्या कपात बारीक काळ्या रेघा होत्या, बरोबर रोलरच्या अंतरावर. गाडी पाण्यात उभी असताना रोलर जिथे टेकले होते, तिथेच गंज चढला होता. पूर ओसरल्याबरोबर तेल बदललं असतं तर बहुतेक निभावलं असतं. त्या माणसाने कर्ज काढून सेट भरला.

फडात एक चाक फिरत राहिलं तर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. एक चाक थांबलेलं असताना दुसरं दुप्पट फिरतं, स्टार गियर त्यांच्या पिनवर कोरडे पडतात, आणि चाकाला अचानक पकड मिळाली की दात उडतो. चाकाखाली पाचट घाला, फळी घाला, ट्रॅक्टर बोलवा.

बाकीचं थोडक्यात. कॅरियरच्या कॅपना उतरवण्याआधी पंच मारून खूण करा, डावी-उजवी बदलायची नाही. सील पुन्हापुन्हा गळत असेल तर ब्रीदर चिखलाने बंद झाला असेल, तो आधी साफ करा. हबचं सील गळून तेल ड्रमात गेलं तर घाटात ब्रेक लागणार नाही. ईपी 90 या गियर ऑइलच्या जागी इंजिन ऑइल ओतू नका. क्राऊन-पिनियनचे तिरके, हायपॉइड दात फिरताना घसरतातही, त्यांना जीएल-5 दर्जाचंच तेल लागतं. आवाज दाबायला भुसा टाकून गाडी विकणाऱ्याला मी गॅरेजात उभं करत नाही.

सेट भरून दिल्यावर मी 500 किलोमीटरला गाडी परत बोलवतो. तेल काढतो, प्लगचं चुंबक बोटाने पुसतो. करडा, मऊ, काजळासारखा लेप आला तर नवीन तेल भरून गाडी सोडतो. बोटाला टोचणारा एक जरी कण लागला, तर आवाज असो-नसो, हौसिंग पुन्हा खोलतो.