ई-रीडर घेताय? या चुका टाळा

कोल्हापुरात ई-रीडर, म्हणजे ई-बुकं वाचायचं यंत्र, घेणारे बहुतेकजण आधी कंपनी ठरवतात, मग किंमत बघतात. आपण त्यावर वाचणार काय, हे शेवटी आठवतं. ते आधी ठरवा.

कथा-कादंबऱ्यांची विकतची ई-बुकं वाचायची असतील तर ६ इंची रीडर उत्तम. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, डोळे शिणत नाहीत. पण आपल्याकडची कितीतरी जुनी मराठी पुस्तकं आणि स्पर्धा परीक्षेच्या नोट्स स्कॅन केलेल्या पीडीएफमध्येच मिळतात. घोळ होतो तो तिथं. ६ इंच हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं असतं. पडद्याची उंची जेमतेम ४.८ इंच. ए-४ कागद ११.७ इंच उंच. म्हणजे छापील १२ पॉइंटचं अक्षर तिथं ५ पॉइंटचं होतं आणि अनुस्वार, रफार शोधत बसावं लागतं. फॉन्ट वाढवायची सोय इथं चालत नाही, कारण ते पान म्हणजे फोटोच. रीडर आधीच घेतला असेल तर पान आडवं करून वाचा, कडेचा पांढरा भाग कापून टाका. बराच फरक पडतो. अजून घ्यायचाच असेल आणि वाचन मुख्यतः पीडीएफचं असेल, तर १० इंची रीडर किंवा सरळ टॅब्लेट घ्या.

स्कॅन नसलेल्या, टाइप केलेल्या पीडीएफचं ई-बुकमध्ये रूपांतर केल्यावर मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसली, तर बहुधा रीडर बिघडलेला नसतो. ती फाईल बहुतेकदा युनिकोडपूर्वीच्या (सगळीकडे सारखी चालणारी अक्षर-पद्धत येण्याआधीच्या), छपाईसाठी वापरायच्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. ती पीडीएफ म्हणूनच वाचा.

रंगीत पडद्याला लगेच भुलू नका. सध्याच्या बहुतेक रंगीत ई-इंक (कागदावरच्या शाईसारखा दिसणारा पडदा) रीडरवर काळी अक्षरं ३०० पीपीआयची (एका इंचात ३०० ठिपके), रंग मात्र १५० चे. शिवाय पडदा थोडा काळपट दिसतो.

आपल्या पावसात बॅगेतून नेणार असाल तर आयपीएक्स८ (पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन) असलेलंच मॉडेल बघा, आणि पोर्ट ओला असताना चार्जिंगला लावू नका. त्याहून मोठा धोका बॅगेतल्या जेवणाच्या डब्याच्या दाबाचा. ई-इंकचा पडदा आतून तडकतो आणि तो बदलायचा खर्च बहुधा परवडत नाही. कडक कव्हर त्याच ऑर्डरमध्ये मागवा.

ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत आधी वाचा. रीडर आला की त्याच दिवशी स्वतःच्या दोन-तीन फाईली टाका आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ट्य’ नीट जुळतात का ते बघा.