हॅम्लेट वेडा आहे का? आधी पेन्सिल घ्या

आमच्या हौशी संस्थेत हॅम्लेट करणाऱ्या पोराला मी पहिले काही दिवस स्वगतं पाठ करायला बंदी घालते. 'जगावं की मरावं' घरी आरशासमोर म्हणून झालेलंच असतं, आणि त्यासोबत डोळे फिरवायची सवयही लागलेली असते. आगरकरांच्या 'विकारविलसित' या हॅम्लेटच्या मराठी रूपांतरात गणपतराव जोशींनी चंद्रसेन, म्हणजे तिथला हॅम्लेट, गाजवला, तेव्हापासून आपल्याकडे या भूमिकेला एक दबदबा आहे. त्या दबदब्यापोटी पोरं आधी वेड करायला घेतात आणि माणूस राहून जातो. म्हणून संहिता घ्या, पेन्सिल घ्या.

हॅम्लेटच्या प्रत्येक बोलण्याशेजारी समासात लिहा : रंगमंचावर आणखी कोण आहे? तिसऱ्या अंकापर्यंत पोचलात की चित्र दिसू लागतं. तिरपं, असंबद्ध बोलणं दरबारी पोलोनियस, राजा म्हणजे हॅम्लेटचा काका, आणि त्याच्यावर पाळत ठेवायला बोलावलेले जुने मित्र रोझेनक्रँट्झ-गिल्डनस्टर्न यांच्या वाट्याला येतं. जिवलग मित्र होरेशिओ एकटा असला की हाच माणूस त्याला, दरबारात आलेल्या नटांचं नाटक चालू असताना काकाच्या चेहऱ्यावर नजर ठेवायला नीट समजावून सांगतो. नटांना अभिनयाचे धडे देतो, तेही इतके शहाणे की मी ते तालमीत वापरते. मूळ इंग्रजी पान जवळ असेल तर गद्य-पद्यही बघा, पण गद्य आलं म्हणजे वेड आलं असं धरू नका. नटांशी आणि कबर खणणाऱ्याशी तो गद्यातच बोलतो.

मग पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश. बापाचं भूत भेटून 'माझा खून तुझ्या काकानेच केला' असं सांगितल्यावर तो होरेशिओ आणि पहारेकरी मार्सेलस यांच्याकडून शपथ घेतो : मी पुढे विचित्र वागलो तरी तुम्हाला काही माहीत आहे असं दाखवू नका. सोंग आधीच जाहीर झालं, संपला प्रश्न? नाही. शेक्सपिअरच्या आधीच्या, सॅक्सो ग्रॅमॅटिकसने लिहिलेल्या जुन्या डॅनिश कथेत खून उघड झालेला आहे आणि आम्लेथ, म्हणजे मूळचा हॅम्लेट, जीव वाचवायला वेडा बनतो. शेक्सपिअरने खून गुप्त ठेवला. म्हणजे इथे हॅम्लेटवर कुणाला संशयच नाही. उलट सोंगामुळेच राजाचं लक्ष त्याच्याकडे वळतं. मग सोंग कशाला? माझं मत : वेड्याच्या बोलण्याला शिक्षा नसते, आणि त्या दरबारात खरं बोलायची त्याला तेवढीच एक वाट आहे.

आता सोंग जिथे पुरत नाही त्या जागांवर रेघ मारा. ऑफीलिया, म्हणजे पोलोनियसची मुलगी आणि हॅम्लेटची प्रेयसी, हिच्या खोलीत तो बटणं उघडी, मोजे घसरलेले असा येतो, पण हे आपण पाहत नाही, तिच्या तोंडून ऐकतो. नटाला तिथे काही ठरवायची घाई नाही. आईच्या महालातला प्रवेश मात्र खरा कस लावतो. पडद्याआडचा पोलोनियस हॅम्लेटच्याच हातून मरून पडलाय, भूत पुन्हा येतं, आणि ते आईला दिसत नाही. पहिल्या अंकात पहारेकऱ्यांना आणि होरेशिओला दिसलं होतं, इथे फक्त त्याला. आई म्हणते, तुझ्या मेंदूचा खेळ आहे. त्यावर तो म्हणतो, माझी नाडी बघ, तुझ्यासारखीच चालते. आत्ता बोललो ते शब्दाला शब्द पुन्हा सांगतो, वेड्याला ते जमणार नाही. आणि हे पोलोनियसचं रक्त जमिनीवर असताना! हे वाक्य शांतपणे म्हणा. ओरडून म्हटलंत तर आईचंच खरं ठरेल.

स्मशानात ऑफीलियाला पुरताना तो तिचा भाऊ लेआर्टिस याच्यापाठोपाठ कबरीत उडी घेतो का, हेही तपासा. तशी सूचना 1603च्या पहिल्या छापील आवृत्तीत आहे. मी उडी घेऊ देत नाही.

या सगळ्यानंतर खरोखर वेड्या झालेल्या ऑफीलियाचा चौथ्या अंकातला प्रवेश हॅम्लेटच्या नटाला मोठ्याने वाचायला लावा. तिची गाणी, तिची फुलं कुणाच्या हाती जातील ती जातील, बोलणं कुठल्या कुठे भरकटतं. हॅम्लेटचा प्रत्येक वेडगळ बाण मात्र कुणाला तरी लागतो. राजा विचारतो, पोलोनियस कुठे आहे? हॅम्लेटचं उत्तर : जेवायला गेलाय, खायला नाही, खाल्ला जायला. राजाला तर हे आधीच कळलंय. हॅम्लेट-ऑफीलियाचं बोलणं चोरून ऐकल्यावर तो म्हणतो, बोलणं थोडं विस्कळीत होतं, पण वेडाचं नव्हतं. जीव ज्याचा टांगणीला लागलाय त्याचं निदान मी, हॅम्लेट ऑफीलियाच्या प्रेमापायी वेडा झालाय या पोलोनियसच्या सिद्धांतापेक्षा वरचं मानते.

तेव्हा माझ्या मते हॅम्लेट वेडा नाही; दुःखाने आणि संतापाने त्याचा ताबा अधूनमधून सुटतो. एक अडचण उरते. द्वंद्वाआधी तो लेआर्टिसची माफी मागताना म्हणतो, तुझा अपराध हॅम्लेटने केला नाही, त्याच्या वेडाने केला. आईला तर आपण वेडे नाही असं सांगून बसलाय. दोन्हीपैकी एक खोटं आहे, आणि कुठलं ते द्वंद्वाच्या तालमीआधी ठरवा, कारण समोरच्या नटालाही ते कळावं लागतं. मी माफीच खोटी धरते आणि ती राजाकडे बघत म्हणायला लावते. लेआर्टिसही त्याच वेळी माझं मन निवळलं म्हणतोय, आणि विष लावलेली तलवार त्याने आधीच ठरवून ठेवलीय.