भिशी चालवायची कशी आणि ती बुडत का नाही

भिशी म्हणजे दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची आणि जमलेले पैसे पाळीपाळीने एकीने उचलायचे. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, भिशीत पैसे टाकण्यापेक्षा आरडी (बँकेत दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) का नाही काढत, निदान व्याज तरी मिळेल. विचारणारा बहुतेक घरातलाच पुरुष असतो. त्याचं म्हणणं चूक नाही, आम्हाला व्याज शून्य. पण आमच्या बिल्डिंगची भिशी ९ वर्षं चालू आहे आणि तेवढ्यात माझ्या दोन आरड्या मध्येच मोडून झाल्या. असं का होतं ते अर्थशास्त्रवाल्यांनी चांगलं शोधून ठेवलंय, आणि ते कळलं की भिशी चालवणं सोपं जातं, म्हणून लिहितेय.

आधी हिशोब. १२ जणी, महिना २००० रुपये, सगळ्यांना २४ हजारांचं वॉशिंग मशीन घ्यायचंय असं धरा. एकेकटीने साठवलं तर सगळ्यांची मशीनं १२व्या महिन्यात. भिशीत पहिलीला पहिल्याच महिन्यात, दुसरीला दुसऱ्या, आणि अगदी शेवटचीला सुद्धा १२व्यातच, म्हणजे तिचंही काही बिघडलं नाही. सरासरी साडेसहा महिने. बेस्ली, कोट आणि लाउरी या तिघा अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये हेच गणित नीट मांडलं, आपल्या आज्यांना ते आधीच माहीत होतं ते सोडा.

आता खरी भीती. पहिलीने २४ हजार उचलले आणि पुढचे हप्ते दिलेच नाहीत तर? ना कागद ना सही. म्हणून मेंबर घेताना पगार बघू नका, रोज लिफ्टमध्ये भेटते का ते बघा. जिला तोंड चुकवायला जागा नाही ती हप्ता चुकवत नाही, इथे तारण म्हणजे ओळखच. नवीन मेंबरला शेवटचे नंबर द्यायचे, आम्ही चिठ्ठ्या दोन डब्यांत टाकतो, जुन्यांच्या आधी काढतो मग नव्यांच्या. रक्कम ठरवताना सगळ्यात कमी कमाई जिची तिला झेपेल तेवढीच, आणि तारीख ५ च्या आत, कारण २० तारखेला विचारलंत तर पैसे कुठे गेले ते कोणालाच आठवत नाही.

भिशीचा अजून एक फायदा उघडपणे कोणी बोलत नाही. नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या भिश्यांचा अभ्यास अँडरसन आणि बालाँ या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये छापला, तिथेही मेंबर बहुतेक बायकाच, आणि या दोघांचं म्हणणं की नवऱ्याच्या हातून पैसे वाचवायला बायका भिशी लावतात. मला वाचून हसू आलं. मागे दीरांनी ५००० मागितले तेव्हा मी एवढंच म्हटलं, "भावजी, भिशीचे आहेत हो." विषय संपला. तेच बँकेत आहेत म्हटलं असतं तर संध्याकाळी काढून द्यावे लागले असते.

आता आमची घोडचूक. दोन-तीन जणी उशीर करायच्या म्हणून आम्ही ५० रुपये दंड लावला. पुढच्या महिन्यात पाच जणी लेट! आणि आधी "सॉरी गं" म्हणत जिना चढून यायच्या त्या आता ५० ची नोट पुढे करून निवांत. नंतर कळलं की इस्रायलमधल्या हायफा शहरात पाळणाघरांवर हाच प्रयोग झालेला, ग्नीझी आणि रुस्टिचिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० साली छापलेला. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या आईबापांना दंड लावला तर उशीर वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही कमी झाला नाही. लाज होती तिथे भाव ठरला की लोक सरळ उशीर विकत घेतात. आम्हीही दंड काढला पण वळण बसायला सहा महिने गेले, म्हणून तुम्ही लावूच नका.

त्यापेक्षा पैसे सगळ्यांसमोर मोजा. मध्ये सगळं यूपीआयवर केलं होतं, सोयीचं होतं, पण कोणी दिले कोणी नाही ते फक्त मला दिसायचं आणि फोन करकरून माझाच जीव जायचा. आता पैसे कसेही पाठवा पण ५ तारखेला चहा-पोह्यांना यायचं आणि वहीत आपल्या नावापुढे स्वतः टिक करायची. रिकामा चौकोन सगळ्यांना दिसतो, मला काही बोलावं लागत नाही.

लिलावाची भिशी मैत्रिणींत नको असं माझं मत. जिला गरज जास्त ती कमी रकमेवर उचलते, बाकीच्यांना फायदा वाटून मिळतो, व्यवहार म्हणून ठीक, पण कोणाच्या घरी अडचण आहे ते सगळ्या बिल्डिंगला कळतं. आणि एजंट येऊन पैसे डबल करून देतो म्हणाला तर ती भिशी नव्हेच, दार लावून घ्या.

चालवणारीने पहिला नंबर घ्यायची पद्धत आहे, मी शेवटचा घेते. कोणी बुडवलंच तर आधी माझे जातील हे माहीत असलं की बाकीच्या निर्धास्त असतात. यंदा माझा नंबर मार्चमध्ये, तोवर मिक्सर वरून हाताने दाबून चालवतेय.