सीआरएममध्ये कस्टम फील्ड टाकताना काय काय बघायचं

सीआरएम म्हणजे ग्राहकांची माहिती ठेवायचं सॉफ्टवेअर, आणि कस्टम फील्ड म्हणजे त्यात आपण स्वतः जोडलेला माहितीचा रकाना. ते बनवायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे लोक धडाधड बनवत सुटतात आणि वर्षभराने कॉन्टॅक्टचं पान उघडलं की नुसतं खाली स्क्रोल करत बसायचं, निम्मी फील्ड रिकामीच. म्हणून आधी एवढंच विचारा, की या माहितीवर फिल्टर कोण लावणार, रिपोर्ट कोण काढणार? कोणीच नसेल तर सरळ नोट्समध्ये लिहा. तसलं फील्ड आधीच कोणी बनवून ठेवलंय का तेही शोधा, बऱ्याचदा असतंच.

जायचं कुठे, ते कुठलं सीआरएम आहे त्यावर. सेल्सफोर्समध्ये सेटअप, ऑब्जेक्ट मॅनेजर, मग लीड (संभाव्य ग्राहक) किंवा कॉन्टॅक्ट जे हवं ते, त्यात फील्ड्स अँड रिलेशनशिप्स आणि न्यू. हबस्पॉटमध्ये याला प्रॉपर्टी म्हणतात, सेटिंग्जमध्ये प्रॉपर्टीज उघडा. झोहोमध्ये सेटअपमधल्या मॉड्यूल्स अँड फील्ड्समध्ये जाऊन फील्ड ओढून लेआउटवर (पानाच्या मांडणीत) सोडायचं. अ‍ॅडमिनची परवानगी मात्र लागते.

आता टाइप, आणि खरी मेख इथेच आहे. रिन्युअलची तारीख साध्या टेक्स्टमध्ये घेतली की एकजण ‘मार्च एंड’ लिहितो, दुसरा ‘३१/३’, तिसरा ‘पुढच्या महिन्यात’, मग ना नीट सॉर्ट होतं ना रिमाइंडर लागतो. तारीख असेल तर डेट टाइपच घ्या. लीड कुठून आली यासाठी पिकलिस्ट (ठरलेल्या पर्यायांची यादी) घ्या, नाहीतर रिपोर्टमध्ये ‘रेफरन्स’, ‘रेफरल’ आणि ‘रेफ’ असे तीन वेगळे गट दिसणार. फोन नंबर आणि पोस्टल कोड नंबर टाइपमध्ये कधीच नको, पुढचा शून्य उडतो. चेकबॉक्स दिसायला सोपा, पण टिक नाही म्हणजे ग्राहक नाही म्हणाला की आपण विचारलंच नाही हे कळत नाही, तिथे ‘हो / नाही / विचारलं नाही’ अशी पिकलिस्ट जास्त कामाची. मल्टी-सिलेक्ट (एकावेळी अनेक पर्याय निवडता येणारी यादी) शक्यतो टाळा, सेल्सफोर्समध्ये तर रिपोर्ट ग्रुप केला की प्रत्येक कॉम्बिनेशनचा वेगळा गट पडतो. टाइप नंतर बदलता येतो म्हणून निर्धास्त राहू नका, बदलताना डेटा जाऊ शकतो.

नावाचं पण तसंच. लेबल (पानावर दिसणारं नाव) कधीही बदला, पण सिस्टम वापरते ते आतलं नाव नीट विचार करून द्या, हबस्पॉटमध्ये ते एकदा बनलं की बदलत नाही आणि बाकी ठिकाणीही इंटिग्रेशन (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडण्या) त्याच नावावर चालतात. हेल्प टेक्स्टमध्ये एक ओळ लिहाच, काय भरायचं आणि कधी भरायचं, नवीन माणसाला तेवढाच आधार असतो.

रिक्वायर्डची (भरल्याशिवाय सेव्ह होणार नाही अशी) टिक जपून वापरा, प्लीज. सेव्ह होत नाही म्हटल्यावर माणूस यादीतला पहिला पर्याय निवडून मोकळा होतो, आणि खोटा डेटा रिकाम्या फील्डपेक्षा वाईट कारण तो ओळखू येत नाही. वर इम्पोर्ट आणि बाहेरून येणारे फॉर्म अडकतात ते वेगळंच. त्यापेक्षा डील प्रपोजल स्टेजला गेली की मगच ते फील्ड लागेल असा व्हॅलिडेशन रूल (सेव्ह करताना तपासला जाणारा नियम) लावा.

लीडवर फील्ड बनवलं असेल तर कन्व्हर्जन मॅपिंग, म्हणजे लीड कन्व्हर्ट होऊन कॉन्टॅक्ट वगैरे झाली की कुठली माहिती कुठे जाणार ते जोडणं, विसरू नका, हे फार जण विसरतात. सेल्सफोर्समध्ये लीडच्या फील्ड्स अँड रिलेशनशिप्समध्येच मॅप लीड फील्ड्स आहे, आधी कॉन्टॅक्ट, अकाउंट (कंपनी) किंवा ऑपॉर्च्युनिटीवर (होऊ घातलेल्या डीलवर) त्याच टाइपचं फील्ड बनवायचं आणि मग जोडायचं. जोडलं नाही तर लीड कन्व्हर्ट झाल्यावर सेल्सवाल्याने फोनवर विचारून विचारून भरलेली माहिती पुढे जातच नाही.

मग अ‍ॅडमिनच्या नाही, साध्या युजरच्या लॉगिनने तपासा. फील्ड दिसतंय का, एडिट होतंय का? दिसत नसेल तर फील्ड-लेव्हल सिक्युरिटी (फील्ड कोणाला दिसणार याची परवानगी) आणि पेज लेआउट बघा. जुन्या रेकॉर्डमध्ये ते रिकामंच राहणार, तर रेकॉर्ड आयडीसकट सीएसव्ही एक्सपोर्ट करून भरा आणि अपडेट म्हणून परत इम्पोर्ट करा, आधी चार-पाच ओळींवर करून बघा.

नको झालेलं फील्ड लगेच डिलीट करू नका, आधी लेआउटवरून काढा, कोणी ओरडतंय का बघा, डेटाचा बॅकअप घ्या आणि मगच उडवा. सेल्सफोर्स डिलीट केलेलं फील्ड १५ दिवस ठेवतं, तेवढ्यात परत आणता येतं, फक्त लेआउटवर ते पुन्हा हाताने टाकावं लागतं.