अपघातानंतर मनाला बसलेल्या धक्क्याची भरपाई कशी मागावी?

नाशिकच्या शिंदे टोलनाक्याजवळ ट्रकने मागून ठोकलं आणि माझ्या मेव्हण्याच्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण मागे मोठा हॉर्न वाजला की त्याला दरदरून घाम फुटायचा. सिन्नरच्या कंपनीत स्वतःची गाडी घेऊन जाणं बंदच झालं. घरचे म्हणायचे, "होईल हळूहळू." वकिलांनी मात्र विचारलं, "हे कुठल्या कागदावर आहे?" कुठेच नव्हतं.

म्हणून आधी डॉक्टर, मग वकील. झोप उडालीय, दचकायला होतं, तो रस्ता नकोसा वाटतो, हे हाडाच्या डॉक्टरांनाही सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. महिना उलटूनही त्रास राहिला तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. खासगी परवडत नसेल तर नाशिकला त्र्यंबक रोडवरचं सरकारी सिव्हिल हॉस्पिटल आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं. धीर मिळतो, पण कोर्टात दाखवायला कागद मिळत नाही.

कागदावर काय लिहिलंय तेही वाचा. मेव्हण्याच्या पहिल्या चिठ्ठीवर नुसतं 'निद्रानाश' आणि गोळीचं नाव होतं. झोप काय, कर्जानेही उडते. विमा कंपनीचा वकील नेमकं हेच विचारणार. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी अपघाताची तारीख, निदान आणि दोघांचा संबंध स्पष्ट लिहिला. दाव्याचा खरा जीव त्या चार ओळींत होता.

एफआयआर, पंचनामा, बिलं, रजेचा दाखला एकत्र करा. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज होतो. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी तुम्ही नाशिकला राहत असाल तर इथे दावा चालतो. चालक, मालक, विमा कंपनी तिघांनाही सामील करा. समोरच्याची चूक मात्र दाखवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसू नका.

अर्जात 'मानसिक त्रास' एवढी एक ओळ टाकून भागत नाही. झालेला आणि पुढचा उपचारखर्च, बुडालेला पगार, वेदना व मानसिक आघात, आयुष्यातला हरवलेला आनंद हे वेगवेगळं मागा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सुप्रीम कोर्टाने वेदना आणि आघाताचा स्वतंत्र उल्लेख केलाय. त्याच निकालाप्रमाणे अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत. गाडीची भीती ड्रायव्हरची रोजीरोटी घालवते, टेबलावर बसणाऱ्याची कदाचित नाही. तेव्हा तुमचं काम नेमकं काय, ते सविस्तर लिहा. डॉक्टर साक्षीला येतील का, हेही आधीच विचारून ठेवा.

अंगावर ओरखडाही नाही आणि फक्त धक्का बसलाय, असा दावा अवघड जातो. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मध्येच तडजोडीचा प्रस्ताव येतो. लोकअदालतीत पैसे लवकर मिळतात, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. मेव्हण्यापुढेही कागद आला होता. डॉक्टरांनी अजून ३ महिने गोळ्या सांगितल्या होत्या, म्हणून त्याने पेन खिशातच ठेवलं.