शाळेच्या लॅपटॉपवर आपोआप क्लिक कसं सुरू करावं

ऑटो क्लिकर, म्हणजे आपोआप क्लिक करत राहणारं सॉफ्टवेअर, म्हटलं की पोट्ट्यांच्या डोळ्यांपुढे गेमच येतो. शाळेनं दिलेल्या लॅपटॉपवर तो नाद करू नका. नवं सॉफ्टवेअर टाकायला तिथं बहुधा ॲडमिनचा पासवर्ड लागतो. पेनड्राइव्हवरून आणलेल्या फुकट क्लिकरसोबत व्हायरस यायची भीती असते ती वेगळीच. क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, फॉरमॅट करून शाळेच्या बंधनांतून सुटका होईल असंही समजू नका. शाळेच्या खात्याला जोडलेलं यंत्र इंटरनेट मिळताच सहसा पुन्हा शाळेच्या ताब्यात जातं.

पण ज्याच्या बोटांत जोर नाही, हात थरथरतो किंवा ज्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळं हातापायांवर नीट ताबा न राहणं) आहे, त्या लेकराला आपोआप क्लिकची खरी गरज असते. क्रोमबुकमध्ये ती सोय आधीपासूनच असते, बाहेरून काही आणावं लागत नाही.

क्रोमबुकवर सेटिंग्ज उघडा, ॲक्सेसिबिलिटीत जा आणि 'कर्सर अँड टचपॅड' निवडा. तिथं कर्सर थांबला की आपोआप क्लिक करण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. आता बाण एखाद्या बटणावर नेऊन स्थिर ठेवला की क्लिक होतं. ते एकदाच होतं. गेमसारखा क्लिकचा मारा होत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा मेनू येतो. उजवं क्लिक, डबल क्लिक, ओढणं आणि थोडा वेळ थांबवणं हे सगळं त्यातून निवडता येतं.

खरं काम इथून पुढं आहे. किती वेळ थांबल्यावर क्लिक व्हावं, हे लेकराला शेजारी बसवूनच ठरवा. सुरुवातीला वेळ जास्तच ठेवा. कमी ठेवली तर वाचता वाचता बाण जिथं थांबेल तिथं क्लिक होतं, नको ती पानं उघडतात आणि पोरगं वैतागतं. हात थरथरत असेल तर 'मूव्हमेंट थ्रेशोल्ड' वाढवा, म्हणजे बाण जरासा हलला तरी मोजणी तुटत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात घामेजलेल्या बोटानं टचपॅडवरचा बाण भलतीकडेच पळतो, म्हणून साधा यूएसबी माऊस लावलेला बरा.

विंडोजच्या लॅपटॉपवर अंकांचा वेगळा कीपॅड असेल तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा आणि विचारल्यावर होकार द्या. मग अंकांच्या कळांनी बाण हलतो आणि ५ दाबल्यावर क्लिक होतं. हे आपोआप नाही, पण माऊस धरता न येणाऱ्याला पुरतं.

सेटिंग फिकट दिसत असेल आणि दाबूनही चालू होत नसेल, तर ती शाळेनं बंद केलेली असू शकते. आडवाटा शोधू नका. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या आणि त्यात सेटिंगचं नाव व लेकराची अडचण लिहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे, त्याचाही उल्लेख करा. प्रमाणपत्र असेल तर प्रत जोडा. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतील तर त्यांनाही भेटा, शाळेशी बोलणं सोपं जातं. ऑनलाइन परीक्षेत ही सोय वापरायची असेल तर परवानगी आधीच, वेगळी मागा.

लॅपटॉप वर्गात आळीपाळीनं वापरला जात असेल तर तास संपताच सेटिंग बंद करा. नाहीतर पुढच्या पोराला वाटेल, लॅपटॉपच बिघडला.