मान-पाठ धरली? अभ्यास न सोडता ती मोकळी कशी करावी

परीक्षा जवळ आली की जळगाव, धुळे, शहाद्याच्या अभ्यासिका सकाळपासून भरून जातात. मुलंमुली दिवसच्या दिवस एकाच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात. मग कुणाची मान आखडते, कुणाची कंबर धरते, कुणाच्या खांद्यातून चमक निघते. विशीत हे दुखणं बहुतेक वेळा स्नायूंवर आणि सांध्यांवर तासन्‌तास एकाच जागी पडणाऱ्या ताणाचं असतं. ते घरच्या घरी आवरता येतं, पण गोळी घेऊन पुन्हा तसंच बसलात तर नाही.

१. आधी उठायची वेळ ठरवा. मोबाइलवर दर 30 मिनिटांनी गजर लावा. वाजला की उठायचं, पाणी प्यायचं, जिन्यापर्यंत जाऊन यायचं. दोन मिनिटं पुरतात. ताठ बसण्याचा सल्ला सगळेच देतात. माझ्या मते मात्र ताठ बसण्यापेक्षा बैठक बदलत राहणं जास्त महत्त्वाचं, कारण कितीही चांगली बैठक तीन तास टिकवली की दुखणारच.

२. पुस्तक डोळ्यांकडे आणा. डोक्याचं वजन साधारण 5 किलो असतं आणि मान खाली घालून वाचताना ते सगळं मानेच्या मागच्या स्नायूंना धरून ठेवावं लागतं. पुस्तकाखाली दोन जाड गाइड ठेवून ते तिरकं करा. लॅपटॉपही तसाच उंच करा आणि शक्य असेल तर वेगळा कीबोर्ड जोडा. पाय लोंबकळत असतील तर खाली वीट किंवा पाट घ्या. कमरेच्या खोलगट जागी गुंडाळलेला टॉवेल ठेवा. खोलीवर खाटेवर पालथं पडून वाचणं शक्यतो टाळा.

३. तीन व्यायाम, दिवसातून तीनदा. समोर बघत हनुवटी सरळ मागे ओढा, 5 सेकंद थांबा, सोडा. हे 10 वेळा. मग दोन्ही खांद्यांची पाती पाठीमागे एकमेकांजवळ आणा, तेवढंच थांबा. शेवटी उभं राहून कमरेवर हात ठेवा आणि हळूच मागे वाका. थोडा ताण जाणवला तर चालतं. कळ पायात किंवा हातात उतरायला लागली तर तो व्यायाम लगेच थांबवा.

४. दप्तर हलकं करा. चोपडा, यावल, पारोळ्याहून रोज एसटीने येणाऱ्यांच्या खांद्याला वह्या, डबा, बाटली, लॅपटॉप सगळं लटकलेलं असतं. वजन 50 किलो असेल तर दप्तर 5 ते 7 किलोंच्या आत असावं. दोन्ही पट्टे खांद्यावर घ्या. गाडीत उभं राहावं लागलं तर दप्तर खाली पायांजवळ ठेवा.

५. दुखायला लागलंच तर झोपून राहू नका. दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात राहिल्याने पाठ आणखी आखडते. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं शेका आणि जमेल तेवढं चाला. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्या पोटाला त्रास देतात. एप्रिल-मेमध्ये इथलं ऊन 44-45 अंशांवर जातं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना याच गोळ्या मूत्रपिंडालाही इजा करू शकतात. सलूनमध्ये कडकन मान मोडून घेणं तर पूर्ण बंद करा. क्वचित का होईना, त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटते.

६. डॉक्टरांकडे कधी जायचं? हातापायाला मुंग्या येऊन ताकद कमी वाटत असेल, दुखण्यासोबत ताप असेल किंवा वजन घटत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, तर थांबू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग तरुणांनाही होतो आणि वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कंबर आखडलेली राहते, हालचालीने मोकळी होते आणि असं तीन महिने चाललंय, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण तरुण मुलगा 'कंबर दुखते' एवढंच म्हणाला की पुष्कळदा नुसती गोळी मिळते. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे अस्थिरोग विभागात दाखवा.